“आई, या गोळ्यांनी मी मरून जाईन”: वरणातली गोळी आणि मुलाच्या येरझाऱ्या

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. डिप्लोमा करून एमआयडीसीत कामाला लागला होता. गेल्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. मग शेजारचे आपल्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणायला लागला. कानात आवाज येतात म्हणायचा. आधी आम्ही देवाधर्माचं केलं, मग मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रिसपेरिडोन ४ मिलिग्रॅम आणि सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल लिहून दिली. महिन्याभरात आवाज थांबले, आम्हाला देव पावल्यासारखं झालं. पण नंतर तो घरात सारख्या येरझाऱ्या घालायला लागला. जेवायला बसला की चार घासांत उठतो. रात्री अंगणात चालत राहतो. मी डॉक्टरांना सांगितलं की तो फार अस्वस्थ असतो, चिडतो. त्यांनी गोळी ६ ची केली. त्यानंतर जास्तच झालं. वजन ११ किलोंनी वाढलं. पूर्वी घरभर हसायचा, आता चेहरा दगडासारखा. दोन महिन्यांपूर्वी म्हणाला, “आई, या गोळ्यांनी मी मरून जाईन,” आणि गोळ्या बंद केल्या. मी घाबरले. तेव्हापासून मी गोळी कुटून त्याच्या वरणात घालते. त्याला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्याचे वडील म्हणतात, या झोपेच्या गोळ्या आहेत, व्यसन लागेल. जाऊबाईंनी सर्पगंधाची पूड आणून दिली आहे, ती मी अजून सुरू केलेली नाही. ही औषधं नेमकं करतात काय? किती वर्षं घ्यायची? आणि मी करते आहे ते चूक आहे का?

एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो, पण त्याआधी येरझाऱ्यांबद्दल बोलायला हवं. त्याला उशीर चालणार नाही. मी त्याला तपासलेलं नाही आणि पत्रावरून निदान करू नये, हे खरं. तरी तुम्ही जे लिहिलं आहे ते वाचून कुठल्याही मानसोपचार तज्ज्ञाच्या मनात पहिला संशय एकाच गोष्टीचा येईल. तिला अकॅथिजिया म्हणतात. हा आजाराचा भाग नाही. तो औषधाचा दुष्परिणाम आहे.

त्यात होतं असं, की माणसाला एका जागी राहवत नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत ते सुरू होतं. पाटावर बसला की मांड्या हलत राहतात. उभा राहिला की भार या पायावरून त्या पायावर. चालायला लागलं की क्षणभर बरं वाटतं, थांबलं की पोटऱ्यांपासून वर काहीतरी चढत येतं. बाहेरून बघणाऱ्याला हा मुलगा भडकलेला दिसतो. आतून तो थकलेला असतो, त्याला बसायचं असतं, झोपायचं असतं आणि बसताच येत नाही. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांतल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय की आवाज परवडले, पण हे नको.

आता बघा काय झालं असावं. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, “अस्वस्थ आहे, चिडतो.” तुमच्या डोळ्यांना दिसलं तेच तुम्ही सांगितलंत. डॉक्टरांच्या कानाला ते “आजार पुन्हा उसळतोय” असं ऐकू आलं आणि गोळी वाढली. गोळी वाढली म्हणून पाय आणखी थांबेनात. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना ही गफलत सहज होते, जाणत्या डॉक्टरांकडूनही होते. म्हणून कुणाला दोष देत बसू नका, पण ती दुरुस्त मात्र याच आठवड्यात करून घ्या.

तुम्ही घरी एक गोष्ट करू शकता. तो शांत असेल तेव्हा त्याला विचारा: “ही तगमग डोक्यातून येते की पायांतून?” आजाराच्या अस्वस्थतेत माणसाला बहुधा काहीतरी कारण असतं. कुणीतरी येणार आहे, कुणीतरी ऐकतंय, काहीतरी घडणार आहे. अकॅथिजियात कारण सांगता येत नाही, नुसते पाय ऐकत नाहीत. त्याने दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. “अस्वस्थ आहे” या दोन शब्दांऐवजी “चार घासांत उठतो, उभा राहून जेवतो, रात्री दोन वाजेपर्यंत चालतो, पाय थांबत नाहीत म्हणतो, गोळी वाढवल्यावर वाढलं” एवढं सांगितलंत तर डॉक्टरांच्या डोक्यात लगेच दिवा लागेल. त्यावर उपाय आहेत. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडता येते. मात्र त्याला दमा असेल तर ते आधी सांगा, कारण दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. तुम्हाला वाटत असेल की ट्रायहेक्सीफेनिडिल चालूच आहे, मग हे का झालं? ती गोळी हातापायांच्या ताठरपणावर चांगली चालते. या तगमगीवर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, विसराळूपणा हा तिचा स्वतःचा वेगळा खर्च आहेच.

आणि “मी मरून जाईन” हे त्याचं वाक्य. ते त्रागा समजून सोडू नका. तीव्र अकॅथिजियात जीव नकोसा होतो, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्याला सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तर द्यायचं टाळलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी न्यायचं. शेतावरची कीटकनाशकं, तणनाशकं कुलपात ठेवा, आजच.

आता ही औषधं करतात काय ते सांगते, कारण ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे. त्याच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे आजूबाजूच्या हजार गोष्टींतून “ही गोष्ट महत्त्वाची, इकडे लक्ष दे” असा इशारा देणं. सायकोसिसमध्ये, म्हणजे कानात आवाज येणं, नसलेला संशय पक्का बसणं अशा या आजारात, मेंदूच्या एका भागात डोपामिनचा हा इशारा अवेळी, नको तिथे वाजत राहतो. शेजारी खोकला, इशारा. मोबाईलचा दिवा लुकलुकला, इशारा. साध्या गोष्टीला भलताच अर्थ चिकटतो आणि मन त्या अर्थांची गोष्ट रचतं: हे सगळे माझ्यावर पाळत ठेवतात. त्याला समजावून ती जात नाही हे तुम्ही अनुभवलंच असेल, कारण इशारा वाजायचा थांबत नाही तोवर त्याच्या दृष्टीने पुरावे रोज नवे मिळत असतात.

औषध डोपामिनचा संदेश जिथे पोचतो त्या जागा, म्हणजे डी-२ रिसेप्टर, अडवून धरतं. इशारा हळूहळू मंदावतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडा फरक दिसू लागतो. आवाज दूर जातात, किंवा येतात पण पूर्वीसारखे घाबरवत नाहीत. रचलेली गोष्ट मात्र लगेच पुसली जात नाही. ती विरायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे “गोळी झोपेची आहे” हे त्याच्या वडिलांचं म्हणणं बरोबर नाही. काही गोळ्यांनी झोप येते, कारण त्या हिस्टामिन या दुसऱ्या एका रसायनाच्या जागाही अडवतात. पण काम होतं ते त्या झोपेमुळे नाही.

अडचण अशी, की डोपामिन काही त्या एकाच भागात नसतं. तुमच्याकडे शेती असेल तर हे पटकन कळेल. एका पंपाचं पाणी चार वाफ्यांना जातंय, त्यांतला एकच तुंबलाय, आणि आपल्या हातात कॉक आहे तो चारही वाफ्यांचा मिळून एकच. तो आवळला की तुंबलेला वाफा निवळतो आणि बाकीचे तीन तहानतात. यांतला एक भाग हालचाली सांभाळतो. तिथे डोपामिन कमी पडलं की हात-पाय जड होतात, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, बोटं थरथरतात, तोंडातून लाळ गळते. दुसरा भाग प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनला आवरून धरतो. तिथे आवर सुटला की बायकांची पाळी चुकते, मूल नसताना छातीतून दूध येतं; पुरुषांची लैंगिक इच्छा मंदावते, कधी छाती वाढते. तिसरा भाग पुढाकाराचा, उमेदीचा.

डोळ्यांपुढे हे चित्र असेल तर मात्रेचं महत्त्व पटतं. मेंदूच्या स्कॅनवरून असं दिसून आलंय की डी-२च्या साधारण ६५ टक्के जागा अडल्या की बहुतेकांना गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या वर गेलं की ताठरपणा, थरथर वाढते. म्हणजे कामाची पट्टी अरुंद आहे. रिसपेरिडोनच्या २ मिलिग्रॅमलाच पुष्कळांची गाडी त्या पट्टीत येते, ६ मिलिग्रॅमला ती वरच्या काठाशी पोचते. ज्याचे आवाज ४ वर थांबले होते त्याला ६ ने आणखी गुण येण्यापेक्षा त्रासच वाढण्याची शक्यता जास्त. काहींना मोठी मात्रा खरोखर लागते, हेही खरं. कुणाला किती, हे त्याच्या शरीराकडे बघून ठरतं. आणि शरीर काय म्हणतंय ते सांगणारा माणूस एकच, तुमचा मुलगा.

त्याचा दगडासारखा चेहरा. याची कारणं तीन असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. गोळीमुळे चेहऱ्याचे स्नायू आखडले असतील. मग आत भाव असतात, बाहेर दिसत नाहीत. आजाराचाच एक भाग म्हणून उमेद आटली असेल. किंवा या सगळ्यातून गेल्यावर तो खचला असेल, नैराश्यात असेल. २४ व्या वर्षी नोकरी गेली, मित्र दुरावले, अंग सुटलं. कोण खचणार नाही? डॉक्टरांना सांगताना “दगडासारखा बसतो” बरोबर हेही सांगा की चालताना त्याचे हात हलतात का, लिहिताना अक्षर बारीक होत गेलंय का, एकटा असताना गाणं ऐकतो का, एखाद्या गोष्टीत रमतो का. त्यावरून त्यांना निवड करता येईल.

वजनाबद्दल. त्याला आळशी, खादाड म्हणू नका, आणि कुणाला म्हणूही देऊ नका. या गोळ्यांनी पोट भरल्याची जाणीव मंदावते. भूक खरी लागते. ओलांझापिन आणि क्लोझापिन यांनी वजन सर्वांत जास्त वाढतं, रिसपेरिडोन मधे येतं, अरिपिप्राझोल, लुरासिडोन यांनी तुलनेनं कमी. दर महिन्याला वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहा. उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल औषध सुरू करताना, मग तीनेक महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी तपासायचं असतं. झालं नसेल तर तुम्ही होऊन मागा, यात संकोच कसला? वजन झपाट्यानं वाढत असेल तर मेटफॉर्मिनसारखं औषध लवकर जोडलेलं बरं. घरात मधुमेह असेल तर ते आवर्जून सांगा.

काही गोष्टी अशा आहेत की त्यांना वेळ द्यायचा नसतो. मान अचानक एका बाजूला वळून अडकली, डोळे वर चढले, जबडा वाकडा झाला, तर ती भूतबाधा नाही आणि कुणी काही केलेलंही नाही. औषधाने स्नायू आवळले गेले आहेत. दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सुटतात. भगताकडे नेऊन त्या पोराचे हाल करणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. दुसरं, जास्त गंभीर: ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम आणि माणूस भ्रमिष्ट. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं. त्याला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. गोळी थांबवून थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि “सायकोसिसची गोळी चालू आहे” हे पहिलं वाक्य सांगायचं. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांत कधी कधी तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, जीभ बाहेर येते. ते लवकर ओळखलं तर आवरता येतं, म्हणून डॉक्टरांनी अधूनमधून त्यासाठी तपासायला हवं.

आता वरणातली गोळी.

तुम्ही हे जीव तुटतोय म्हणून केलंत. पुन्हा ते दिवस बघायला लागू नयेत म्हणून. तुमच्या जागी असलेल्या शेकडो आया हेच करतात, मला ठाऊक आहे. तरी उत्तर द्यायचं तर ते ‘हो, चूक आहे’ असंच आहे. आणि ती चूक कशी उलटते ते तुमच्याच घरातलं चित्र समोर ठेवून सांगते.

तुमच्या मुलाच्या हिशोबाने त्याने दोन महिन्यांपूर्वी औषध सोडलं. पाय तरीही थांबत नाहीत. म्हणजे त्याला काय वाटत असेल? की हा गोळीचा त्रास नव्हताच, आपल्यातच काहीतरी कायमचं बिघडलंय. उलट आवाजही परत आले नाहीत. त्यावरून तो काय शिकेल? की आपल्याला गोळीची गरज नव्हतीच. दोन्ही निष्कर्ष खोटे, आणि दोन्ही तुम्ही त्याच्या ताटात वाढलेले. स्वतःच्या शरीराबद्दल त्याला जी खरी माहिती मिळायला हवी होती, तीच त्याच्यापासून काढून घेतली गेली. उद्या तुम्ही डॉक्टरांना “त्याने गोळ्या बंद केल्यात आणि तरी येरझाऱ्या घालतो” म्हणालात, तर तेही आजारच समजतील. वरण कधी अर्धं टाकतो, कधी दोन वाट्या घेतो, म्हणजे रोज किती औषध पोटात गेलं ते देवालाच माहीत. पुढे औषध बदललं आणि ते हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचं असलं, तर ती कुटल्याने सगळी मात्रा एकदम अंगात जाईल. तेही धोक्याचं.

सगळ्यात जास्त मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्याचा आजार काय होता? लोक आपल्याविरुद्ध काहीतरी करताहेत. एक दिवस त्याला वाटीच्या तळाशी पांढरा कण दिसेल. त्या दिवशी त्याचा संशय खरा ठरेल आणि ज्या एका माणसावर त्याचा विश्वास उरला होता, त्या माणसाविरुद्ध ठरेल. मग तो तुमच्या हातचं जेवणार नाही. मग औषधच काय, काहीच देता येणार नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करायचे नाहीत, असं तो सांगतो. तुम्हाला कायद्याची भीती घालायची नाही. पण त्यामागची भावना समजून घ्या: गोळी ज्याच्या अंगात जाते, त्याला ती माहीत असली पाहिजे.

मग उद्यापासून एकदम बंद करू का, असं विचाराल. नको. एकदम थांबवणं हाही धोका आहे. आज-उद्या डॉक्टरांना एकट्याने फोन करा किंवा भेटा आणि सगळं खरं सांगा, वरणासकट. पाय थांबत नाहीत तेही सांगा. मात्रा काय करायची ते त्यांना ठरवू द्या. मग दोघांनी मिळून मुलाला सांगायचं, शक्यतो डॉक्टरांच्या खोलीत, आणि ते तुमच्या तोंडून यावं. लांबलचक नको. “तू गोळ्या बंद केल्यास तेव्हा मी घाबरले. मी तुझ्या वरणात गोळी घालत होते. तुला न विचारता केलं, ते चुकलं. यापुढे करणार नाही. तुला त्रास होत होता तो खरा होता, मी तो नीट ऐकला नाही.” तो चिडेल. कदाचित काही दिवस बोलणार नाही, ताट स्वतः वाढून घेईल. ते सोसा. ताटातलं काहीही त्याच्यासमोरच्या पातेल्यातून वाढा. त्या रागानंतर “तुझे पाय कशाने थांबतील ते आपण डॉक्टरांना विचारू” हे वाक्य त्याला पहिल्यांदा खरं वाटण्याची शक्यता आहे. घरी सांगितलं आणि तो फार भडकेल अशी धास्ती वाटत असेल, तर घरी सांगूच नका. डॉक्टरांशी आधी तसं बोलून ठेवा.

आणि त्याला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याला बोलू द्या. प्रोलॅक्टिनमुळे लैंगिक त्रास होत असेल, तर २४ वर्षांचा मुलगा तो आईसमोर मेला तरी सांगणार नाही. गोळ्या गुपचूप टाकून देण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. प्रोलॅक्टिन रक्तात तपासता येतं, आणि रिसपेरिडोन ते चांगलंच वाढवतं. अरिपिप्राझोलने तो प्रश्न बहुधा सुटतो. अर्थात अरिपिप्राझोलनेही पायांची तगमग होऊ शकते, त्यामुळे निवड डॉक्टरांचीच. त्याला रोजची गोळी नकोशी असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही आहेत, पण ती त्याने स्वतः “चालेल” म्हटल्यावर आणि हा पायांचा त्रास मिटल्यावर. एकदा टोचलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही.

व्यसनाचं म्हणाल तर या गोळ्यांची तलफ येत नाही. मात्रा वाढवून मागणारा पेशंट मी पाहिलेला नाही, टाळणारेच जास्त. पण शरीर त्यांना सरावतं, म्हणून एकदम सोडल्या की झोप उडते, मळमळतं आणि आजार उसळी घेऊ शकतो.

किती वर्षं? पहिल्यांदाच आलेल्या झटक्यानंतर, बरं वाटायला लागल्यावर निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. साधारण वर्षभराच्या काळात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, आणि औषध थांबवून नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. फरक मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण याचा दुसरा अर्थही बघा. औषध नसतानाही शंभरातल्या ३६ जणांचा त्या काळात उलटला नाही, आणि औषध असूनही शंभरातल्या २७ जणांचा उलटला. आधी कुणाला सांगता येत नाही की आपण कुठल्या गटातले. इंग्लंडमध्ये अनेक वर्षं आजारी असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा कमी केलेल्यांत दोन वर्षांत २५ टक्के लोकांचा आजार गंभीरपणे उलटला, नेहमीचं औषध चालू असलेल्यांत १३ टक्के. आणि दोन वर्षांनंतर रोजच्या जगण्यात, माणसांत मिसळण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे कमी करण्याची इच्छा हा वेडेपणा नाही, पण त्याची किंमत आहे, आणि ती किंमत त्याने, तुम्ही आणि डॉक्टरांनी समोरासमोर बसून मोजायची आहे. तुमच्या मुलासाठी आत्ताचा प्रश्न बंद करण्याचा नाही. त्याला सोसेल असं औषध, सोसेल अशा मात्रेत शोधण्याचा आहे.

जाऊबाईंच्या सर्पगंधाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि वनस्पतीही काही साधीसुधी नाही. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेडेपणावर आणि रक्तदाबावर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातलं रेसरपिन १९५२ मध्ये वेगळं काढण्यात आलं आणि काही वर्षं सायकोसिसवर वापरलंही गेलं. मग मागे पडलं, कारण ते मेंदूतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं, रक्तदाब पाडतं, हातपाय ताठ करतं आणि काहींना खोल नैराश्यात ढकलतं. म्हणजे ज्या दुष्परिणामांना तुम्ही घाबरलात, तेच झाडपाल्याच्या नावाने परत येतील, तेही आधीच्या गोळीवर चढून आणि मात्रा न मोजता. ती पूड त्याला देऊ नका.

तो सिगारेट-बिडी ओढतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येरझाऱ्या घालणारी मुलं पुष्कळदा ओढायला लागतात. रिसपेरिडोनला त्याने फारसा फरक पडत नाही. पण डॉक्टरांनी उद्या ओलांझापिन किंवा क्लोझापिन सुरू केलं, तर धुरामुळे ते औषध शरीरातून लवकर निघून जातं, आणि ओढणं अचानक थांबलं की रक्तातलं प्रमाण वाढतं. हे तंबाखू खाण्याने किंवा मिश्रीने होत नाही, धुराने होतं. ओढत असेल तर डॉक्टरांना सांगा, सोडणार असेल तर सोडण्याआधी सांगा.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही तर? पुन्हा एकदा सांगून बघा, कागद पुढे ठेवून. तरीही झालं नाही तर दुसऱ्या मानसोपचार तज्ज्ञांचं मत घ्यायला काही हरकत नाही. त्यात पहिल्यांचा अपमान नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे ही औषधं मोफत मिळतात. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तरी तिथे फोन करा, पेशंटच्याच नावाने करायला हवा असं नाही. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन घरच्यांसाठी स्वमदत गट चालवते. तुमच्यासारख्या आया तिथे भेटतील. त्याच्या वडिलांना सोबत न्या. व्यसनाची शंका त्यांनी तिथल्या एखाद्या बापाला विचारली तर माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त पटेल.

भेटीला जाताना सगळी औषधं एका पिशवीत घाला: चालू पाकिटं, त्याने सोडलेली पाकिटं, मधे कुणी दिलेल्या झोपेच्या किंवा ताकदीच्या गोळ्या, सर्पगंधाची पुडी. जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. आणि त्याचं वजन आदल्या दिवशी करून नका नेऊ, तिथेच करायला सांगा.